कुठेच न जाणारी झोरेवाडी

झोरेवाडीची माणसं कुठेच जात नाहीत, हे कागदोपत्री सिद्ध झालं होतं. वाहतूक समितीने वाटलेल्या फॉर्मात 'तुम्ही आठवड्यातून कुठे कुठे जाता?' असा साधासरळ प्रश्न होता. वाघजाई खोऱ्यातल्या बाकीच्या दहा गावांनी त्याला भरभरून उत्तरं दिली. झोरेवाडीच्या सदतीस घरांतून सदतीस फॉर्म आले आणि सगळ्यांवर एकच वाक्य होतं: 'कुठेही जात नाही.' अक्षर वेगवेगळं, शाई वेगवेगळी, वाक्य मात्र तेच.

समितीच्या अध्यक्ष वैजयंता येडगे यांनी तो गठ्ठा दोनदा चाळला आणि बाजूला ठेवला. सत्तावीस वर्षं या खोऱ्यातल्या लाल गाडीवर त्या कंडक्टर होत्या. त्यांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. अकरा गावांच्या त्या कंडक्टरबाई. कोण कुठे चढतं, कुठे उतरतं, कुणाच्या पिशवीत काय असतं, हे त्यांना तोंडपाठ. कुणाच्या घरी सोयरीक जमतेय हे त्या घराच्या शेजाऱ्यांआधी बाईंना कळायचं, कारण मुलगी बघायला येणारी माणसं त्यांच्याच गाडीने यायची. चार वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या आणि त्याच साली गाडीही बंद झाली. भारमान घसरलं होतं, म्हणजे जागा जास्त आणि बसणारे कमी. झोरेवाडीची फेरी तर त्याआधीच कितीतरी वर्षं बंद पडली होती. तिकडची तरणी पोरं मुंबईला गेली, उरलेल्यांनी मोटरसायकली घेतल्या, असं बाईंनी तेव्हा डेपोला स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.

आता खोऱ्यात सरकारच्या नव्या गाड्या येणार होत्या. सात गाड्या, प्रत्येकी दहा माणसांच्या, विजेवर आणि बिनड्रायव्हरच्या. लोकांनी त्यांचं नाव आधीच 'डबा' ठेवून टाकलं होतं. अट एकच: अकरा गावांनी मिळून एक आराखडा करायचा, कोणता डबा कुठून कुठे किती वेळा जाईल ते आपसांत ठरवायचं आणि अकरा सह्या करायच्या. मग त्या मार्गांवर रस्त्यात खुणा पुरणार, चार्जिंगचे खांब उभे राहणार आणि पुढची दहा वर्षं त्यात बदल नाही. भांडत बसलात तर गाड्या पलीकडच्या खोऱ्यात. अकरा गावांत जिचं कुणाशी वैर नाही अशी व्यक्ती शोधता शोधता लोक कंडक्टरबाईंपाशी येऊन थांबले. आपलं कुणाशी वैर नाही, असं बाईंनाही वाटत होतं.

फॉर्म मात्र फसवे निघाले. माणूस जातो एकीकडे आणि लिहिताना त्याला आपली अब्रू आठवते. सगळं खोरं दवाखान्यात, बँकेत आणि कॉलेजात जातं असं त्यावरून दिसत होतं. आंबर्ड्याच्या गुरुवारच्या बाजाराचं नाव फक्त चौघांनी लिहिलं होतं. कोनोलीच्या एका आजोबांनी तर 'जिल्हाधिकारी कार्यालय, दर आठवडा' असं ठोकून दिलं होतं. अशा कागदांवर गाड्या सोडल्या तर त्या मोकळ्याच फिरतील, हे समजायला कंडक्टर असण्याची गरज नव्हती.

यातून वाट काढली डॉक्टर समीना मुजावर यांनी. त्या मूळच्या गडहिंग्लजच्या, भूकंपाच्या अभ्यासक. आंबर्ड्याच्या पंचायतीत एका कपाटाएवढं त्यांचं यंत्र गेली सहा वर्षं घुं घुं करत होतं. त्याचं काय काम, हे गावात कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी विचारलं. त्यांना विचारल्याशिवाय राहवतच नसे.

समीनाने त्यांना काचेची तार दाखवली. केसाएवढी बारीक. अशीच तार इंटरनेटसाठी साऱ्या खोऱ्यात जमिनीखालून गेली होती, रस्त्याकडेने, बांधांवरून, पायवाटांखालून, ठेकेदाराला जिथून जवळ पडलं तिथून. तिच्यात एका टोकाने प्रकाश सोडला की तो पुढे धावत सुटतो. पण काच कितीही चोख असली तरी तिच्यात कुठे ना कुठे बारीक खोट असतेच. तिथे आपटून त्यातला कणभर प्रकाश उलटा फिरतो. जमीन हलली की तार जराशी ताणली जाते, केसाच्या हजाराव्या भागाइतकी, आणि त्या परतणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते आणि लय कशी बदलली यावरून हादरा कसला ते कळतं. थोडक्यात, साठ किलोमीटरच्या तारेत दर दहा मीटरवर एक कान.

"मी भूकंप ऐकायला बसले होते, ताई," समीना हसून म्हणाली, "आणि सहा वर्षं मला तुमच्या म्हशी ऐकू येतायत."

म्हशी, ट्रॅक्टर, मोटरसायकली आणि पावलं. भूकंप ऐकायचा तर हा गोंगाट गाळून टाकावा लागे. समीनाने तो गाळला होता, पण फेकला नव्हता; माळ्यावर जुनं सामान टाकावं तसा एका बाजूला साठवून ठेवला होता. बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माणसं फॉर्मात खोटं लिहितील, पाय कशाला खोटं बोलतील? समीनाने एकच अट घातली: कोणतं पाऊल कुणाचं हे शोधायचं नाही. यंत्र फक्त मोजेल, नाव कुणाचं घेणार नाही. समितीने ती ठरावात लिहून घेतली, तरी चारदोन मंडळी त्या दिवसापासून रस्ता सोडून शेतातून जाऊ लागलीच. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मोजणीचा एक आठवडा ठरला. तारखा गुप्त ठेवायच्या होत्या. अकरा गावांत गुप्त म्हणजे संध्याकाळच्या दुधापर्यंत गुप्त. डेअरीवर दूध घालायला आलेल्या बायकांनी ती बातमी घरोघर नेली आणि जमीन पावलं मोजणार म्हटल्यावर प्रत्येक गावाने तीच शक्कल लढवली, ती फक्त आपल्यालाच सुचली अशा समजुतीने. कोनोलीच्या सरपंचांनी पहाटे चालण्याची स्पर्धा जाहीर केली. वेतवड्याने शाळेची कवायत थेट वेशीपर्यंत नेली. आंबर्ड्याच्या बचत गटाने तीन पाळ्या लावल्या. बाई आंबर्ड्याच्याच, त्यांनी स्वतः चार फेऱ्या मारल्या, अध्यक्ष असून. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. गाव ते गाव.

आठवड्याअखेर समीनाचा नकाशा गोवर उठल्यासारखा लाल झाला होता. बाई अपराधी चेहऱ्याने बसल्या होत्या, पण समीना खुशीत होती.

तिने दाखवलं ते असं. उगाच चालणारा माणूस वेशीपर्यंत जातो आणि वळतो. जाताना त्याचं पाऊल जेवढं जड, तेवढंच येताना. खरा प्रवासी मात्र जाताना एका वजनाचा असतो आणि येताना दुसऱ्या. घेऊन गेलेलं विकतो, विकत घेतलेलं घेऊन येतो, पोराला आजोळी सोडून येतो. वजन बदलतं ती वाट खरी. समीनाने वजन न बदलणारी सगळी पावलं पुसली आणि नकाशावर उरल्या त्या मोजक्या, ठसठशीत रेघा. बहुतेक सगळ्या बाईंच्या ओळखीच्या होत्या. अमुक गाव सोमवारी गिरणीला, तमुक गाव शनिवारी मारुतीला. त्या एकेक रेघेवर बोट ठेवून नावं सांगत गेल्या आणि एका रेघेवर त्यांचं बोट अडलं.

ती रेघ झोरेवाडीहून निघत होती, खिंड चढत होती आणि आंबर्ड्याच्या बाजारात उतरत होती. दर गुरुवारी. चाळीसेक पावलांच्या जोड्या, जाताना जड, येताना जरा हलक्या. आणि ही त्या आठवड्याची गंमत नव्हती. समीनाने माळ्यावरचा जुना गोंगाट उघडला, तर सहाही वर्षं, एक गुरुवार चुकला नव्हता. लाल गाडी खोऱ्यात धावत होती तेव्हाही ही माणसं दोन तासांची खिंड पायीच चढत होती.

"एवढी माणसं मी बाजारात कशी पाहिली नाहीत?" बाई पुटपुटल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं. गुरुवारी त्या गाडीत असायच्या, आणि निवृत्तीनंतर गर्दीचा कंटाळा म्हणून बाजाराकडे फिरकल्याच नव्हत्या. जो गाडीत चढला नाही, तो त्यांच्या हिशेबी या खोऱ्यात नव्हताच.

ही पावलं कशी वाजतात ते ऐकता येईल का, असं त्यांनी विचारलं. समीनाने कंपनांचा आवाज केला. धप धप धप, चाळीस माणसांचं चालणं. त्यातून एक लय वेगळी निघाली: उजवं पाऊल, मग जरा उशिराने डावं, मग काठी. ती बाईंनी लगेच ओळखली. त्यांची थोरली बहीण शेवंता, झोरेवाडीत दिलेली, लहानपणी शेळ्यांमागे असताना उंबरावरून पडली होती आणि तिचा डावा पाय तेव्हापासून उशिरा टेकायचा. काठी नवीन होती. सहा वर्षांपूर्वीच्या आवाजात काठी नव्हती, आणि खिंडीत ती एकदाच थांबायची. आता तीनदा थांबत होती.

समीनाने त्यांच्याकडे पाहिलं आणि ठरावातली अट आठवून काही विचारलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना बाईंना बारा वर्षांपूर्वीचा एक गुरुवार लख्ख आठवला. झोरेवाडीची गाडी खच्चून भरलेली. त्याच दिवशी तपासनीस साहेब चढलेले. आणि आक्का, म्हणजे शेवंता, मांडीवर टोपली घेऊन बसलेली, टोपलीत अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी. बाईंच्याच घरी ती कोंबडी निघाली होती. कोंबडी फडफडली, कुणीतरी कुरकुरलं, गाडीत कोंबड्या न्यायच्या नाहीत या नियमाची आठवण करून दिल्यासारखं साहेबांनी बाईंकडे पाहिलं. सख्खी बहीण म्हणून सवलत दिली असं कुणी म्हणू नये, एवढंच त्या क्षणी बाईंच्या डोक्यात होतं. त्यांनी दोरी ओढली आणि खिंडीच्या पायथ्याला, पहिल्याच वळणावर, अख्ख्या वाडीसमोर आक्काला खाली उतरवलं. आक्का एक शब्द बोलली नाही. त्यानंतर कधीच बोलली नाही.

पुढच्या गुरुवारी झोरेवाडीहून गाडी रिकामी आली. त्याच्या पुढच्याही. ड्रायव्हर थट्टेने म्हणाला होता, वाडीनं भंडारा उचलला वाटतं, बाई. बाई हसल्या होत्या. तो थट्टेत बोलला ते खरंच होतं. वाडीच्या सुनेला घाटात उतरवलं म्हणजे वाडीला उतरवलं. सदतीस घरांनी देवापुढे बेल-भंडारा उचलून शपथ घेतली असणार: बाईच्या गाडीत चढायचं नाही, बाईकडे काही मागायचं नाही. आणि अशी शपथ ज्याच्यावर घेतली त्याला सांगायची नसते. सांगून मिळवलेला मान तो कसला मान? ज्याचं चुकलं त्याला आपणहून कळलं पाहिजे. बाईंना कळलं नव्हतं. त्यांनी 'प्रवासी नाहीत' असा शेरा मारला आणि फेरी बंद करवली. अकरा गावांत कुणाशी वैर नसलेली बाई! 

मंगळवारी समितीची बैठक झाली. आराखड्यात झोरेवाडी नव्हती, कारण तिने मागितलंच काही नव्हतं; 'आम्हाला काही नको' म्हणून सही तेवढी धाडली होती. बाईंनी कुणाचं नाव न घेता खिंडीची रेघ दाखवली आणि म्हणाल्या की, आपण दहाही गावांनी त्या आठवड्यात खोटं चालून फेऱ्या वाढवून घ्यायचा डाव केला, माझ्यासकट. तर आता दंड म्हणून प्रत्येकाने आठवड्याची एकेक फेरी सोडावी, त्यातून खिंडीचा मार्ग उभा राहतो. चोरी उघड झालेली असल्याने कुणाला फारसं बोलता येईना. कोनोलीचे सरपंच आप्पासो खोत तेवढे बोलले.

"सोडतो की फेरी. पन रडल्याबिगार आई बी पाजत न्हाई, बाई. वाडीनं येऊन मागू दे. कागदावर कुटंच जात न्हाई म्हनायचं आनि आमी गाडी धाडायची? रिकामी फिरली तर धा वर्सं आमीच बोंबलनार."

ते काही चुकीचं नव्हतं. शुक्रवारी सकाळी अकराला शेवटची बैठक, त्यात झोरेवाडीने स्वतः मागणी केली तर खिंड आराखड्यात. नाहीतर दहा वर्षं विषय बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. दहा वर्षांनी आक्का शहात्तरची होणार होती.

चाचणीसाठी आलेला एक डबा पंचायतीपुढे उभा होता. गुरुवारी सकाळी बाई त्यात बसल्या आणि त्याच्या पडद्यावर बोटाने झोरेवाडीचा जुना गाडीरस्ता दाखवला. खिंडीपलीकडे उतरल्यावर, जिथे पायवाट रस्त्याला ओलांडते त्या पहिल्या वळणावर, त्यांनी डबा थांबवला. 

माणसं वर येताना दिसली. टोपल्या, बोचकी, मधाच्या बरण्या, तुपाचे डबे. पुढे शेवंताचा दीर बिरू झोरे, पांढऱ्या मिशांचा, आणि मध्ये काठी टेकत आक्का. बाईंना पाहून सगळी रांग थबकली. कुणी नमस्कार केला नाही.

बाई रस्त्याच्या मधोमध आल्या. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं त्या विसरून गेल्या.

"आक्का, माझं चुकलं. साहेबाला घाबरून तुला हितं उतरवलं. साऱ्या वाडीसमोर उतरवलं, म्हणून साऱ्या वाडीसमोर सांगते."

शेवंताने काठीवर दोन्ही हात ठेवले. बारा वर्षांनी ती धाकट्या बहिणीशी पहिल्यांदा बोलली.

"कुनी सांगितलं तुला? वाडीतलं कोन बोललं?"

"वाडीतलं कुणी नाही. जमिनीत तार आहे. तिच्यात तुझी पावलं ऐकली."

बायकांत कुजबुज झाली. एकीने पायाखालच्या मातीकडे पाहिलं आणि जरा बाजूला सरकली. शेवंता मात्र बाईंवरची नजर हलवेना.

"तारेनं सांगितलं नसतं, तर आली असतीस?"

हो म्हणणं सोपं होतं. बिरूसुद्धा तेच ऐकायला कान देऊन उभा होता. बाईंनी आपल्या मनात धुंडाळून पाहिलं. तिथे गेली बारा वर्षं नियमावर बोट ठेवून एक कंडक्टर बसली होती, आणि ती आपणहून कधीच उठली नसती.

"नसते आले," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

 शेवंता बिरूकडे वळून म्हणाली, "खरं बोलली. खोटं बोलली असती तर म्या पुढं चालाय लागले असते." बिरूने मान हलवली. बाईंनी हात पुढे केला. शेवंताने तो धरला, डब्याची पायरी चढली आणि दाराजवळच्या जागेवर बसली. आणखी नऊ म्हाताऱ्या माणसांना बिरूने आत बसवलं. बाई आपल्यासाठी कोपरा शोधत पायरीवर पाय ठेवू लागल्या, तशी शेवंताने काठी आडवी धरली.

"तू न्हाई, वैजे. तू चालत ये. माजी टोपली घे, आनि बग कसं लागतंय."

वाडीची माणसं तोंडाला पदर लावून हसली. कुणी अडवलं मात्र नाही. डबा आवाज न करता वळणाआड गेला आणि बाई डोक्यावर टोपली घेऊन तीसेक माणसांच्या रांगेत खिंड चढू लागल्या. टोपलीत तूप होतं, हिरडा होता, आणि ती दिसत होती त्यापेक्षा बरीच जड होती. साऱ्या खोऱ्याचा रस्ता न् रस्ता पाठ असलेल्या बाईंना ही वाट ठाऊक नव्हती. पहिल्या चढावरच त्यांना धाप लागली. बिरूने एक सपाट दगड दाखवला. हितं समदीच बसत्यात, तो म्हणाला. नकाशावर या जागी एक ठिपका होता, आक्काच्या पहिल्या थांब्याचा. ठिपक्याशेजारी किती मिनिटं ते लिहिलेलं होतं. छातीत काय होतं ते लिहिलेलं नव्हतं. दुसरा थांबा आला, तिसरा आला. बाई प्रत्येक ठिकाणी बसल्या. शेवटच्या चढाला एका बाईने न विचारता त्यांच्या डोक्यावरची टोपली उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली.

खिंडीच्या माथ्यावर पायवाट पुन्हा रस्त्याला मिळते. तिथे डबा उभा होता. आत थांबवायचं लाल बटण असतं, ते शेवंताने दाबून धरलं होतं. कधीपासून, कोण जाणे. आतली दोघं तरणीताठी म्हणावी अशी साठीची माणसं खाली उतरली होती आणि आता पुढं उतारच हाय म्हणून चालायला लागली होती.

बाई घामाने निथळत दारापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी आपणहून पायरीवर पाय ठेवला नाही.

शेवंताने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग काठी मांडीवर घेतली, अंग चोरून खिडकीकडे सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"ये. बस."

बाई बसल्या. डबा उताराला लागला. खाली आंबर्ड्याचा बाजार दिसू लागला. पहिली घरं आली तेव्हा शेवंताने बाहेर बघत बघतच विचारलं, "उद्याच्याला ती बैठक हाय म्हनं. किती वाजता?"

"अकराला."

"मग धाला गाडी धाड वाडीला. बिरूभावजी येतील, मी बी येते. मागायचं हाय."